चार राजधान्या आणि एक घड्याळ

परदेशाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "खर्च किती आला?" आणि दुसरा, "जेवणाचे हाल झाले का?" जूनमध्ये आम्ही उभयता उत्तर युरोपातल्या चार राजधान्या पाहून आलो, तेव्हापासून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी इतक्या वेळा दिली आहेत की आता झोपेतही देऊ शकेन. "तिकडून शिकून काय आलात?" हा तिसरा प्रश्न मात्र अजून कोणीच विचारलेला नाही. तो विचारला जाईल म्हणून वाट पाहत बसलो तर दिवाळी निघून जायची. तेव्हा फराळाच्या ताटावरून उठण्यापूर्वी वाचकांच्या वतीने मीच तो स्वतःला विचारून घेतो. उत्तर मला फारसे भूषणावह नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सहलीतल्या राजधान्या म्हणजे कोपनहेगन, ओस्लो, स्टॉकहोम आणि हेलसिंकी. नॉर्डिक देशांची पाचवी राजधानी रेक्याविक. पण ती आइसलंडच्या बेटावर, ऐन अटलांटिक महासागरात बसलेली असल्यामुळे बसवाल्यांच्या तावडीतून सुटली आहे. नऊ दिवस, चार राजधान्या, दोन रात्री बोटीवर आणि उरलेला वेळ बसमध्ये असा बेत होता. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिघांच्या नाण्यांचे नाव जवळजवळ एकच, पण एकाचे नाणे दुसऱ्याच्या दुकानात चालत नाही. तो हिशेब कुठे जमू लागावा, तोच फिनलंड येते आणि तिथे युरो निघतो.

मंडळी एकंदर ३८. त्यांतली तीस तरी पेन्शनीत निघालेली. सोलापूरचे एक वकील होते, ते प्रत्येक पुतळ्यापाशी "याला पुरावा काय?" असे विचारीत. कोल्हापूरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. नाशिककडचे एक द्राक्षबागायतदार आणि त्यांच्या सौभाग्यवती यांच्या सामानात कपड्यांपेक्षा डबे अधिक होते. डोंबिवलीचे एक नवे जोडपे होते. त्यांनी चार राजधान्यांत एकमेकांखेरीज काय पाहिले ते तेच जाणोत. आणि होत्या साताऱ्याकडच्या मावशी. वय बहात्तर, सहावारी पातळावर स्वेटर आणि पायांत मुलाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. मुलाने पैसे भरून एकटीलाच पाठवलेले. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या साऱ्या बसच्या मावशी झाल्या.

राहता राहिलो मी. चौतीस वर्षे ठाण्याहून आठ-सतराची लोकल पकडलेला माणूस. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेले एचएमटीचे घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे. त्याला मी रोज सकाळी किल्ली देतो आणि मोबाइलमधल्या वेळेकडे ढुंकूनही पाहत नाही. माणसाची पारख मी त्याच्या वक्तशीरपणावरून करतो, आणि पारख करण्याची मला सवय आहे.

कोपनहेगनच्या पहिल्या संध्याकाळी बस सुटायला वीस मिनिटे उशीर झाला. आमचा टूर मॅनेजर पंचविशीतला, गरीब स्वभावाचा पोरगा. तो कोणाला काय बोलणार? तेव्हा मीच उठलो आणि माइक हातात घेऊन ठराव मांडला: जो कोणी ठरल्या वेळेनंतर बसमध्ये येईल त्याने सर्वांसमोर माइकवर गाणे म्हणायचे. टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांनी ठरावाला अनुमोदन दिले. मी खाली बसलो तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "निवृत्त झालात ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जलपरी पाहायला गेलो. कोपनहेगनची 'छोटी जलपरी' खरोखरच छोटी आहे. उंची अवघी सव्वा मीटर. "एवढीशीच?" असे प्रत्येक बसमधले प्रत्येकजण आपापल्या भाषेत म्हणत असते. हान्स क्रिस्तियन आंदरसनची गोष्ट १८३७ सालची आणि ही मूर्ती १९१३ सालची. म्हणजे रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षीची. १९६४ साली कोणीतरी तिचे डोके करवतीने कापून नेले, तेव्हा मूळ साच्यावरून नवे करून बसवावे लागले. गोष्टीतली जलपरी माणसाचे पाय मिळावेत म्हणून त्यांच्या मोबदल्यात आपली जीभ देऊन बसते आणि मग मनातले कोणालाच सांगू शकत नाही. हे सारे टूर मॅनेजरने सांगितले, आम्ही फोटो काढले आणि बसकडे परतलो.

मावशी नऊ मिनिटे उशिरा आल्या. एकसारख्या दिसणाऱ्या सात-आठ बस ओळीने उभ्या होत्या. त्या दोन परक्या बसमध्ये चढून, उतरून, धापा टाकीत आमच्या बसला लागल्या. "कुठे गेला होतात?" असे कोणीही विचारले नाही. नियम तो नियम. माइक त्यांच्यापुढे धरला गेला. त्या क्षणभर गोंधळल्या, मग पदर सावरून त्यांनी बारीक आवाजात जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. बसने टाळ्या वाजवल्या. मावशीही हसल्या. मी तर 'वन्स मोअर' दिला. हा 'वन्स मोअर' वाचकांनी लक्षात ठेवावा. मला तो विसरता येत नाही.

त्या रात्रीच्या बोटीने आम्ही ओस्लोला निघालो. सकाळी ओस्लोच्या खाडीतून बोट आत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंची हिरवी बेटे आणि त्यांवरची लाल-पिवळी लाकडी घरे पाहून नाश्ता विसरावा, इतके ते सुंदर असते. सौ.ने मात्र त्या वेळी एक वेगळीच गोष्ट पाहिली.

"मावशी चहा का घेत नाहीत हो? पाणीसुद्धा नको म्हणाल्या."

"उपास असेल," मी म्हणालो. "निर्जला एकादशी याच सुमारास येते."

दुसऱ्या दिवशी ओस्लोच्या हॉटेलातही तेच. मी पुन्हा एकादशीचा हवाला दिला तेव्हा सौ. म्हणाली, "एकादशी दोन-दोन दिवस असते का?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आणि उत्तर नसले की मी घड्याळ पाहतो.

ओस्लोतले फ्रोग्नर उद्यान म्हणजे गुस्ताव विगेलंड या शिल्पकाराने उभे केलेले माणसांचे जग आहे. दोनशेहून अधिक शिल्पे, पण त्यांत राजा नाही, सेनापती नाही, घोडा तर नाहीच. रडणारी पोरे, भांडणारी पोरे, तरुण जोडपी, मुलांना पाठीवर घेऊन चालणारे बाप आणि एकमेकांना टेकून बसलेली म्हातारी माणसे. मधोमध एकाच ग्रॅनाइटच्या दगडातून कोरलेला चौदा मीटर उंचीचा खांब. त्यावर १२१ मानवी आकृती एकमेकींना धरून वर चढताहेत. तो कोरायला तीन पाथरवटांना सुमारे चौदा वर्षे लागली. आमच्या वेळापत्रकात त्याला चाळीस मिनिटे होती. मावशी फाटकाजवळच्या बाकावरच बसून राहिल्या. "तुम्ही पाहून या. मी इथूनच बघते," म्हणाल्या. त्या अगदी वेळेवर बसमध्ये होत्या. मी मनात म्हटले, नियमाचा उपयोग झाला.

तिसऱ्या दिवशी ओस्लोहून स्टॉकहोमला निघालो. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. आमचा चालक पोलंडचा, धिप्पाड आणि अबोल. आठच्या ठोक्याला निघालो, दहाला दहा मिनिटांचा थांबा झाला. मंडळी धावत गेली, धावत आली. मावशी खिडकीपाशी डोळे मिटून बसल्या होत्या, त्या उतरल्याच नाहीत. पुढे कार्लस्टाड शहर गेले आणि थोड्या वेळाने चालकाने बस एका थांब्यावर घेतली. इथे पंचेचाळीस मिनिटे, म्हणाला.

"पंचेचाळीस?" मी पुढे होऊन म्हणालो. "वीस मिनिटांत आमचं आटोपेल. मग निघू." नाशिकच्या बाईंनी तर त्याच्यापुढे चिवड्याचा डबाच धरला. त्याने चिवडा घेतला, मान हलवली आणि पुढच्या फळीवरच्या यंत्राकडे बोट दाखवले. टॅकोग्राफ म्हणतात त्याला. गाडी किती वेळ चालली आणि किती वेळ उभी राहिली याची मिनिटामिनिटाची नोंद त्यात होते. सलग साडेचार तास चालवण्याच्या आत पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यायची, दिवसाला साधारणपणे नऊ तासांहून अधिक चालवायचे नाही, असा तिकडचा कायदाच आहे. घाई कोणाचीही असो, चालकाला विश्रांती मागावी लागत नाही. ती आधीच मोजून ठेवलेली असते. मी कुरकुरत खाली उतरलो.

बस थांबली होती ती वेनर्न सरोवराच्या काठी. स्वीडनमधलेच नव्हे, तर युरोपीय संघातले हे सर्वांत मोठे सरोवर. आपली बृहन्मुंबई त्यात नऊ वेळा मावेल. नजर पोचेल तिथवर गोडे, निळे पाणी. आणि त्या पाण्यासमोर, बसच्या शेवटच्या पायरीवर, मावशी कोसळल्या.

डॉक्टरीणबाई धावल्या. नाडी पाहिली, जीभ पाहिली, पायांतले गोळे दाबून पाहिले. "यांच्या पोटात पाणीच नाही," त्या म्हणाल्या. "किती दिवस प्यायल्या नाहीत कोण जाणे." त्यांनी पिशवीतून साखर-मिठाची पुडी काढली, चालकाने न बोलता स्वतःची घोंगडी आणून मावशींच्या अंगावर घातली, आणि घोट घोट करीत तासाभरात मावशी उठून बसल्या. खरे सांगतो, त्या तासातही माझी नजर एकदा मनगटाकडे गेली.

रात्री दहालाही स्टॉकहोमच्या खिडकीत उजेड होता. सौ. मावशींच्या खोलीतून परतली ती खुर्चीवर बसून राहिली.

"त्यांना दर दोन तासांनी जावं लागतं," ती म्हणाली. "वयाचं दुखणं. त्या दिवशी जलपरीपाशी त्या जागा शोधत फिरत होत्या. भाषा येत नाही, कोणाला विचारायचं? म्हणून उशीर झाला. तेव्हापासून पाणी बंद. बस थांबवायला नको, आणि..."

"आणि काय?"

"आणि माइकवर गाणं म्हणायला नको."

ज्या देशांत नळ सोडून ओंजळीने निर्धास्त पाणी प्यावे, त्या देशांत ही बाई दोन-तीन दिवस तहानलेली राहिली. आणि तिची तहान माझ्या ठरावाने लागलेली होती. मी सौ.ला म्हटले, उद्या सकाळी मी तो नियम रद्द करायला लावतो. ती म्हणाली, "त्यांचं नाव न घेता."

सकाळ झाली आणि माझे धैर्य गेले. नियम रद्द करायचा तर कारण सांगायला हवे. कारण सांगायचे तर मावशींचे नाव. नाव टाळायचे तर 'माझी चूक झाली' असे म्हणायला हवे, आणि ते तर त्याहून कठीण. मी गप्प बसलो. नगरभवनातले 'निळे दालन' पाहिले. त्यात निळे काहीच नाही. वास्तुकाराला उघड्या विटाच इतक्या आवडल्या की त्याने निळा रंग रद्द केला, नाव मात्र तसेच राहिले. "पुरावा काय?" वकीलसाहेबांनी विचारले. मला त्या दिवशी हसू आले नाही.

मग आम्हाला 'वासा' दाखवायला नेले. हे स्वीडनच्या राजाचे भव्य युद्धनौका-जहाज. चौसष्ट तोफा, शेकडो कोरीव मूर्ती. १० ऑगस्ट १६२८ या दिवशी स्टॉकहोमच्या बंदरातून ते पहिल्यांदा निघाले, जेमतेम तेराशे मीटर गेले, वाऱ्याच्या झुळकेने कलले, तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि किनाऱ्यावरच्या गर्दीदेखत ते बुडाले. ३३३ वर्षांनी, १९६१ च्या एप्रिलात, ते जवळजवळ अखंड वर काढले. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड खाणारी कीड तिथे तगत नाही. आज ते एका प्रचंड दालनात काळोखात उभे आहे. सगळे शाबूत, आणि म्हणूनच पाहवत नाही.

पण मला खिळवून ठेवले ते एका वेगळ्याच हकिगतीने. जहाज निघण्यापूर्वी त्याची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावले. तीन फेऱ्यांतच जहाज असे हेलकावू लागले की आणखी धावले तर इथेच उलटेल म्हणून चाचणी थांबवली गेली. म्हणजे जहाज वरून जड झाले आहे हे माहीत होते. आरमारी अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते. पण राजा गुस्ताव अडॉल्फ परमुलखात लढाईवर, जहाज लवकर पाठवा असा त्याचा तगादा. त्याला सांगायचे कोणी? कोणीच सांगितले नाही. बुडाल्यावर चौकशी बसली, आणि चौकशीत दोष कोणावरच ठेवता आला नाही.

मी त्या जहाजापुढे उभा होतो आणि पलीकडे मावशी, सौ.चा हात धरून, मान वर करून तोफांच्या खिडक्या मोजीत होत्या. माझ्या लक्षात आले की आपल्या बसमध्ये राजाही मीच आहे आणि गप्प बसलेला अधिकारीही मीच आहे. तरीसुद्धा, वाचकहो, बसमध्ये चढल्यावर मी माइक मागितला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही हेलसिंकीच्या बोटीत बसलो. टूर मॅनेजरने सांगितले, "सकाळी साडेनऊला सामानासह खालच्या मजल्यावर जमायचं." पुढे आणखी तीन शब्द तो बोलला होता असे म्हणतात. मी साडेनऊ ऐकले आणि निर्धास्त झालो. सकाळी सौ.ला म्हटले, तू मावशींना घेऊन हो पुढे, मी वेळेवर येतोच. आणि डेकवर जाऊन बसलो. फोन बॅगेत, बॅग सौ.पाशी. वारा भन्नाट होता. शेकडो बेटे जवळून सरकत होती. सुओमेनलिन्नाच्या जुन्या सागरी किल्ल्याच्या तटाला जणू हात लावत बोट अरुंद सामुद्रधुनीतून आत शिरली. किल्ल्यामागे हेलसिंकीच्या पांढऱ्या चर्चचा हिरवा घुमट दिसू लागला. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटे. मनात म्हटले, काय हा वक्तशीर देश! साडेदहाची बोट तासाभर आधी धक्क्याला लावतात!

नऊ पंचविसाला, म्हणजे पाच मिनिटे आधी, मी ऐटीत खाली उतरलो. सदतीस माणसे सामानासह भिंतीला टेकून उभी होती. सौ.चा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. माझ्या नावाचा पुकारा दोनदा झाला होता म्हणे. वाऱ्यात तो ऐकू आला नाही. टूर मॅनेजरचे ते तीन शब्द होते, "फिनलंडच्या वेळेप्रमाणे, बरं." फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असते. प्रत्येकाच्या मोबाइलने ते आपोआप जाणले होते. माझ्या एचएमटीला कोणी सांगितले नव्हते.

बसमध्ये चढताच आरोळी उठली, "गाणं! गाणं!" वकीलसाहेबांचा आवाज सर्वांत वर. तेवढ्यात मावशी आपल्या जागेवरून वाकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, पोटाचं काही नाही ना? बरं वाटत नसेल तर सांगा. लाजू नका."

साऱ्या बसमध्ये कारण विचारणारी ती एकटी होती.

मी माइक घेतला. गाणे मला येत नाही, पण त्या दिवशी येत असते तरी म्हटले नसते. म्हणालो, "मंडळी, हा नियम मी केला. उशीर का झाला हे न विचारता करायचा नियम होता तो. चूक माझी. या बसच्या चालकाला थांबण्याचा हक्क आहे आणि आपल्याला नाही, असं का असावं? आजपासून ज्याला थांबावंसं वाटेल त्याने सांगावं. कारण सांगायची गरज नाही." आणि घाम पुसत बसणार, तोच मावशी उठून उभ्या राहिल्या.

"मी सांगते की कारण," त्या म्हणाल्या. "मला बाई दर दोन तासांनी लागतं!"

बस क्षणभर स्तब्ध झाली. मग मागून बागायतदारांचा आवाज आला, "मला दीड तासाने." त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मी तर सकाळचा चहा कोपनहेगनलाच सोडला." एक हात वर गेला, दुसरा गेला, बघता बघता अकरा हात वर गेले. शेवटी वकीलसाहेब खाकरले आणि खाली पाहत म्हणाले की ब्लडप्रेशरची ती सकाळची गोळी, जिच्यामुळे सारखे उठावे लागते, ती त्यांनी चार दिवस खिशातच ठेवली आहे. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "गोळी सोडलीत? तुम्ही? काढा बाहेर! पुरावा मला दाखवा!" बस इतकी हसली की अबोल चालकानेही आरशातून मागे पाहिले.

हेलसिंकीत आम्ही दोन दुकाने गाळली. खडक फोडून त्यात बसवलेल्या चर्चमध्ये निवांत बसलो. सिबेलियस या संगीतकाराच्या स्मारकापाशी, सहाशेहून अधिक पोलादी नळ्यांच्या त्या झुंबराखाली, पाऊण तास रमलो. मावशी एका नळीखाली उभ्या राहून वाऱ्याचा आवाज ऐकत होत्या. त्यांच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. चार राजधान्यांतली ही एकच मला नीट आठवते.

आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल तुळशीच्या लग्नानंतर कोकणात जायची आहे. वेळापत्रक नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. मी दर दीड तासाला पंधरा मिनिटांचा एक थांबा लिहून दिला. अध्यक्षांनी विचारले, "इतके थांबे कशाला?"

"चालकाला विश्रांती लागते," मी म्हणालो.